साईट पास करायच्या आधी एकदा कानानं चालवून पाहा

प्रति,
सरकारी साईटी अन् ॲप बनवून घेणारे मंत्रालयातले, जिल्ह्यातले सगळे साहेब
आणि ते बनवणारे पुण्या-नागपूरचे सॉफ्टवेअरवाले भाऊ अन् ताई,

रामराम.

हे पत्र खरं म्हणजे तक्रारीच्या पोर्टलवर टाकायचं होतं, पण तिथं लॉगिन करायला चित्रातले वाकडेतिकडे अक्षरं ओळखून लिहा म्हणते, अन् ते चित्र माझ्यासाठी फक्त "ग्राफिक" एवढंच बोलते, म्हणून इथं उघड्यावर लिहून राहिलो.

मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. घरी सोयाबीन, तूर अन् थोडी पऱ्हाटी. वावराचं भाऊ पाहतो, कागदाचं मी पाहतो, म्हणजे सातबारा, विमा, केवायसी, अनुदान कुठं अडकलं ते शोधणं, सगळं माझ्याकडं. मला दिसत नाही, लहान होतो तेव्हापासून. मग मोबाईल कसा चालवता असं लोक विचारतात, तर मोबाईल बोलतो अन् मी ऐकतो. मोबाईलवर टॉकबॅक आहे, लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर, दोन्ही फुकट. मधे मधे एका कंपनीसाठी साईट तपासून देण्याचं कामही केलं आहे, घरी बसून, नेट असलं तेव्हा. त्यामुळं जे लिहून राहिलो ते नुसतं रडगाणं नाही, थोडंफार कामातलं आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढं वाचायला टाईम नाही ते इथंच थांबले तरी चालते. कोणतीही साईट किंवा ॲप ताब्यात घ्यायच्या आधी, अन् ठेकेदाराचं शेवटचं बिल काढायच्या आधी, ती स्क्रीन बंद करून, फक्त आवाजावर, न दिसणाऱ्या माणसाकडून चालवून घ्या. लॉगिनपासून पावतीपर्यंत. मराठीत. अन् साध्या स्वस्तातल्या मोबाईलवर, तुमच्या ऑफिसातल्या महागड्या फोनवर नाही. आमच्याकडं बैलबाजारात गेलेला माणूस बैल जुपून पाहिल्याशिवाय इसार देत नाही, अन् तुम्ही लाखोंची साईट एसीत बसून पीपीटी पाहून घेऊन टाकता.

आता कसं ऐकू येते ते सांगतो. मागच्या हंगामात एका योजनेचा फॉर्म भरायला बसलो. कोणती योजना ते लिहत नाही, नाव घेतलं की तेवढ्याच साईटवाल्याला नोटीस जाईन अन् बाकीचे म्हणतील आमचं तर बरोबर आहे. पान उघडलं, फॉर्ममधे शिरलो, एनव्हीडीए बोलायला लागला, "एडिट ब्लँक. एडिट ब्लँक. एडिट ब्लँक. कॉम्बो बॉक्स सिलेक्ट. बटन. बटन. ग्राफिक." बस एवढंच. आता यातली नावाची पेटी कोणती, आधारची कोणती, बापाच्या नावाची कोणती? तुम्हाला पेटीच्या बाजूला "अर्जदाराचे नाव" लिहिलेलं दिसते म्हणून तुम्हाला वाटते काम झालं. पण ते शब्द अन् ती पेटी कोडमधे एकमेकांना बांधलेले नाहीत, नुसते शेजारी शेजारी पडलेले आहेत. बांधायसाठी लेबल नावाचा टॅग आहे, तो १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून आहे, म्हणजे ज्या पोरानं हा फॉर्म बनवला त्याच्या जन्माच्याही आधीचा असेल. एका ओळीचं काम आहे ते.

मग जिल्हा निवडायचा आला. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, म्हणजे ३६ जिल्ह्यांत आमचं यवतमाळ सगळ्यात शेवटी. मी खालचा बाण दाबला, पहिलाच जिल्हा निवडल्या गेला अन् त्याबरोबर अख्खं पान रिलोड, अन् मी परत वरती मेनूत, "होम लिंक, आमच्याविषयी लिंक, संपर्क लिंक". परत खाली उतरा, परत बाण दाबा, परत वरती. माऊसवाल्याला हे जन्मात कळणार नाही, तो सरळ यवतमाळवर क्लिक करून मोकळा होते. युक्त्या आहेत, ऑल्ट दाबून खालचा बाण मारला की यादी आधी उघडते अन् मग पान हलत नाही, नाहीतर इंग्रजी वाय दाबला की थेट शेवटी उडी बसते, पण तीच यादी मराठीत केली की वाय काही कामाचा नाही, मग कीबोर्ड मराठी करा. मला हे सगळं माहीत आहे. बाजूच्या गावात एक रिटायर गुरुजी आहेत, शुगरनं नजर गेली, साठी उलटल्यावर टॉकबॅक शिकले, आता व्हॉट्सॲप मस्त चालवतात, त्यांनी या युक्त्या कुठून शिकायच्या? त्यांना वाटते आपलंच चुकलं. साईटचं चुकलं असं त्यांच्या डोक्यात येतच नाही, अन् याचाच जास्त राग येते मला.

शेवटी सगळं भरून सबमिट दाबलं तर काहीच आवाज नाही. सबमिट झालं, नेट गेलं, लाईन गेली, काही समजायला मार्ग नाही. भाच्याला बोलावलं. तो म्हणे, "मामा, वरती लाल अक्षरात आलं आहे, कृपया योग्य माहिती भरा म्हणून राहिलं." कोणती माहिती? ते त्यालाही समजत नव्हतं, अन् त्याचे डोळे तर चांगले आहेत बाप्पा. एरर आली की कर्सर त्या चुकलेल्या पेटीवर न्यायचा अन् एररला अलर्टचा रोल द्यायचा म्हणजे ती स्वतःहून बोलल्या जाते, यात रॉकेट उडवायसारखं काही नाही. अन् काय चुकलं ते लिहा ना, "मोबाईल नंबर १० आकडी पाहिजे" असं. याचा फायदा डोळसांनाही आहे.

तुम्ही म्हणाल एवढा त्रास कायले, सेवा केंद्रात जा, तिथला पोरगा पाच मिनिटात भरून देते. देते ना. गेलोही आहे. तिथं काय होते ते ऐका. आधार द्या, पासबुक द्या, मोबाईल द्या, ओटीपी आला का सांगा, पासवर्ड काय ठेवला सांगा. अन् मग पूर्ण दुकानाला ऐकू जाईन अशा आवाजात, "दादा, तुमच्या खात्यात तं अजून एवढे पैसे पडून हाय, मंग अनुदान कायले पाहिजे?" मागं बाकावर गावातले चार जण बसलेले. संध्याकाळपर्यंत माझा बॅलन्स पारावर. त्या पोराचा स्वभाव वाईट नाही, मदतच करते बिचारा, पण माझी सही, माझा अंगठा, माझा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देऊन मिळालेल्या सोयीला सोय म्हणत नसतात. अन् फॉर्ममधे त्यानं काय लिहिलं ते मी तपासू शकत नाही. गटनंबर चुकला, क्षेत्र चुकलं, तर नुकसान माझं.

सातबाऱ्यासारखे तक्ते हा अजून एक वेगळाच प्रकार आहे. तक्त्याला वरच्या ओळीत हेडिंग नीट दिलेले असले तर कंट्रोल-ऑल्ट अन् बाण दाबून एकेका घरात फिरता येते, अन् नवीन कॉलममधे गेलं की त्या कॉलमचं नाव आधी बोलते, "क्षेत्र, ०.८१", "पोटखराब, ०.०४" असं. हेडिंग दिलेले नसले तर नुसते आकडे, शून्य पूर्णांक एक्याऐंशी, शून्य पूर्णांक शून्य चार, एक, दोनशे सात. यातला दोनशे सात गटनंबर आहे का खातेनंबर, तुम्हीच सांगा. दिसायला दोन्ही तक्ते सारखेच दिसतात, म्हणून डोळ्यानं तपासलं तर दोन्ही पास.

आता मराठीचं बोलतो, कारण इंग्रजी साईटीवाल्यांना नसलेले दोन रोग आपल्याला जास्तीचे आहेत.

पहिला रोग फॉन्टचा. आजही कितीतरी ऑफिसात टायपिंग कृतिदेवमधे चालते. कृतिदेवमधे टाईप केलेला "जिल्हा" तुम्हाला जिल्हा दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असतो, एफ टी वाय जी के. माझ्या कानाला तेच ऐकू येते. पूर्ण यादी अशी ऐका, एकदा, मग सांगा डोकं कसं होते ते. युनिकोडमधे, जिथं मराठी अक्षर कॉम्प्युटरच्या पोटातही मराठीच राहते, टाईप केलं की हा प्रश्नच उरत नाही. अन् याच्याहून वाईट म्हणजे टाईप केलेला कागद प्रिंट काढायचा, त्यावर सही-शिक्का मारायचा अन् मग तो स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवायचा. ती पीडीएफ म्हणजे फोटो. एनव्हीडीए म्हणते कागद कोरा आहे. लाभार्थ्यांची यादी, शासन निर्णय, तारखा, सगळं त्या फोटोत, अन् माझ्यासाठी कोरं. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, मारून पाहतो मी, छापलेलं चांगलं असलं तर बरंच निघते, पण फोटोकॉपीची फोटोकॉपी असली अन् वरून शिक्का बसलेला असला तर नावाचं भलतंच काहीतरी होते. यादीत आपलं नाव आहे का नाही ते ओसीआरच्या भरवशावर नाही ठरवता येत.

दुसरा रोग भाषेचा. पानाच्या कोडमधे ही भाषा मराठी आहे असं सांगायची सोय आहे, एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमधे. बहुतेक मराठी साईटीवर तिथं इंग्रजीच राहिलेलं असते कारण टेम्प्लेट इंग्रजी होतं, किंवा काहीच नसते. एनव्हीडीए ते पाहून आवाज बदलते, मराठीला मराठी, हिंदीला हिंदी. सांगितलंच नाही तर जो आवाज लावलेला असेल त्याच आवाजात वाचते, अन् मग इंग्रजी आवाजानं मराठी वाचायचा तमाशा होते, नाहीतर हिंदी आवाज आमच्या ळ चा ल करून टाकते. यवतमाल, वादल, केलं का केळं, सगळं एकच. दोन अक्षरांची दुरुस्ती आहे ही, एम अन् आर.

आता तुमच्याकडून जे उत्तर येते ते मला पाठ आहे. "आमची साईट ॲक्सेसिबल आहे, वरती अक्षर लहान-मोठं करायचं बटन दिलं आहे." अहो, मला अक्षर कितीही मोठं केलं तरी दिसत नाही! ते बटन ज्यांना कमी दिसते त्यांच्या कामाचं असेल, त्यांनाही ब्राउझरचा झूम आहेच. दुसरं उत्तर, "स्क्रीन रीडर ॲक्सेस नावाचं पान दिलं आहे." हो दिलं आहे, शेकडो सरकारी साईटीवर तेच पान आहे, तीच यादी, एकीवरून दुसरीवर कॉपी मारलेली. त्या यादीत विंडो-आइज नावाचं सॉफ्टवेअर अजूनही सापडते, ते २०१७ मधेच बंद पडलं. म्हणजे ते पान बनवणाऱ्यानं यादीतल्या लिंका उघडूनही पाहिल्या नाहीत, सॉफ्टवेअर चालवून पाहायची गोष्ट दूरच. अन् ज्या माणसाला स्क्रीन रीडर कुठं मिळते हे माहीत नाही तो ते पान वाचणार तरी कसा, हा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही.

तिसरं उत्तर सध्या जोरात आहे, कोपऱ्यातलं ते व्हीलचेअरचं गोल बटन. एक ओळ कोड टाका अन् साईट आपोआप सुगम, असं विकणारे लोक सांगतात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०२५ मधे असं सांगत फिरणाऱ्या एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावायचा आदेश काढला. आपल्याकडं तेच बटन टेंडरमधे सुविधा म्हणून मोजल्या जाते. लेबल नसलेली पेटी ते बटन दाबल्यावर नावाची का आधारची हे त्या बटनाला तरी कुठून कळणार?

चौथं उत्तर जरा हुशार लोक देतात, "आम्ही आपोआप चुका शोधणारं टूल चालवून पाहिलं, स्कोअर चांगला आला." टूल चालवा, जरूर चालवा, वेव्ह आहे, क्रोममधे लाइटहाऊस आहे, फुकट आहेत, काही चुका लगेच सापडतात. वेबएम नावाची अमेरिकेतली संस्था दरवर्षी १० लाख साईटींची मुख्य पानं अशी मशीननं तपासते, २०२५ मधे त्यांना ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, म्हणजे हा रोग जगभराचा आहे, एकट्या आपल्या जिल्ह्याचा नाही. पण मशीनला जे सापडते ते मोजक्या प्रकारचं. चित्राला वर्णन आहे का हे मशीन पाहते, ते वर्णन "फोटो १" असं असलं तरी त्याच्या हिशोबानं पास. बटनाला नाव आहे का पाहते, ते नाव कामाचं आहे का ते नाही पाहत.

याचं घरचंच उदाहरण देतो. भाचा अमरावतीला बीसीए करून राहिला. त्यानं कॉलेजच्या प्रोजेक्टला पिकांच्या नोंदी ठेवायचं एक छोटं पान बनवलं अन् मला दाखवायला आणलं. मी म्हटलं दाखवू नको, हेडफोन लाव अन् माऊस बाजूला ठेव, स्वतःच ऐक. तो टॅब दाबत गेला, प्रत्येक नोंदीच्या समोर "बटन, बटन, बटन". त्यानं तिथं कचऱ्याच्या डब्याचं चित्र टाकलं होतं. "मामा, हे तं काहीच बोलून नाही राहिलं," म्हणे. मग त्यानं त्या चित्राला "डिलीट" असं नाव दिलं. टूलवर चालवलं, पास. परत ऐकलं तर "डिलीट बटन, डिलीट बटन, डिलीट बटन". आता कोणतं डिलीट? सोयाबीनचं का तुरीचं? टॅबनं गेलं की बाजूची ओळ बोलत नाही, फक्त बटन बोलते. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं अन् त्यानं "सोयाबीन नोंद डिलीट करा" असं केलं. टूलनं दोन्ही वेळा सारखेच मार्क दिले असते. फरक कानाला कळला. "येथे क्लिक करा" च्या लिंका पण अशाच, एनव्हीडीएत इन्सर्ट-एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी निघते, अन् त्यात येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, पूर्ण पानभर.

तर तपासायचं कसं ते थोडक्यात सांगतो, सॉफ्टवेअरवाल्या भावांनो हे तुमच्यासाठी. एनव्हीडीए डाउनलोड करा, माऊस काढून ठेवा. सुरुवातीला ऐकलेलं समजत नसेल तर टूल्समधे स्पीच व्ह्यूअर आहे, जे बोलल्या जाते ते अक्षरात दिसते, पण ती सवय लावू नका, कारण डोळे उघडे असले की मेंदू लबाडी करते, न बोललेलंही तुम्ही स्क्रीनवरून वाचून घेता अन् वाटते ऐकलं. एनव्हीडीएत स्क्रीन कर्टन आहे, तो लावा, स्क्रीन काळी होते. मग एच दाबून हेडिंगवर हेडिंग उड्या मारा, पानाचा सांगाडा समजते का पाहा. टॅब मारत फॉर्ममधे फिरा, क्रम बरोबर आहे का ऐका. मुद्दाम चुकीचं भरा, एरर बोलते का पाहा. कॅलेंडरमधून तारीख निवडून पाहा, तिथं चांगले चांगले आडवे होतात, अन् कॅलेंडर जमत नसेल तर तारीख सरळ टाईप करू द्या ना भाऊ. ओटीपीला वेळ किती देता ते पाहा, मला मेसेजमधे जाऊन आकडे ऐकून परत येऊन टाकायचे असतात, तेवढ्यात सेशन संपते अन् पूर्ण भरलेला फॉर्म जाते. मोबाईलवर टॉकबॅकचा शॉर्टकट चालू असला की आवाजाच्या दोन्ही बटना तीन सेकंद दाबून ठेवायच्या, टॉकबॅक सुरू. उजवीकडं बोट सरकवलं की पुढची गोष्ट बोलते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. एवढ्यावर तुमचं ॲप पूर्ण चालवून दाखवा. पिकाचा फोटो काढायचं ॲप असलं तर कॅमेऱ्यानं बोलायला पाहिजे, फोन वर करा, डावीकडं घ्या असं, नाहीतर मी वावराच्या ऐवजी आभाळाचा फोटो काढून पाठवतो अन् तुमचं ॲप तो घेऊनही टाकते.

पण हे तुम्ही केलं म्हणजे झालं असं नाही. तुम्ही ऐकाल ते हळू ऐकाल, पान कसं दिसते ते तुम्हाला आधीच माहीत असेल. आम्ही बिनमाहितीचे येतो, आवाज जोरात पळवतो, हेडिंगवरून उड्या मारतो, कुठं शॉर्टकट घेतो कुठं अडकतो ते तुम्हाला बसल्या जागी सुचणार नाही. बोलणाऱ्या ब्राउझरचा इतिहासच पाहा, आयबीएमचा होम पेज रीडर १९९७ मधे जपानमधे आला, तो बनवणाऱ्या चिएको असाकावा स्वतः अंध. एनव्हीडीए २००६ मधे सुरू करणारा ऑस्ट्रेलियाचा मायकेल करन, तो पण अंध. म्हणजे ऐकायचं औजार आमच्या लोकांनी बनवून ठेवलं, आता साईट त्या औजाराला लागते का हे पाहायलाही तुम्ही आम्हाला बोलवत नाही.

बोलवता ते ३ डिसेंबरला. जागतिक दिव्यांग दिन. शाल, नारळ, पेढा, एक फोटो. गावात कोणी कोणी मला गुलाबराव महाराजांचं उदाहरण देते, अमरावती जिल्ह्यातले, तान्हे असताना नजर गेली अन् तरी केवढं ज्ञान, प्रज्ञाचक्षू म्हणतात त्यांना. खरंच आहे ते, पण विम्याचा फॉर्म भरायला संत व्हायची अट काहून पाहिजे? मला साधा माणूस राहून तो फॉर्म भरायचा आहे.

अन् ही मेहेरबानी मागून राहिलो असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या कलम ४२ मधे माहिती अन् इलेक्ट्रॉनिक साधनं आम्हाला वापरता येतील अशी पाहिजे असं लिहिलं आहे, कलम ८९ मधे कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारांपर्यंत अन् त्यानंतर ५० हजार ते ५ लाख दंड लिहिला आहे. सरकारी साईटींचे नियम २००९ पासून आहेत, त्याची तिसरी आवृत्ती २०२३ मधे आली. सुप्रीम कोर्टानं ८ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राला सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते सूचनेसारखे ठेवू नका, बंधनकारक करा. अन् ३० एप्रिल २०२५ ला तर ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या लोकांच्या अन् एका अंध वकिलाच्या याचिकांवर कोर्टानं म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अन् केवायसीबद्दल २० निर्देश दिले. ज्या केवायसीत मला "डोळे मिचकवा" म्हणते त्याच केवायसीबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात न दिसणाऱ्यांची संख्या ५० लाखांवर होती, ती काही कमी झाली नसेल, शुगरवाले गुरुजी रोज वाढून राहिले. कागदावर सगळं आहे म्हणजे. फक्त साईट ताब्यात घेताना जो साहेब सही करते त्याच्या समोर हा कागद नसते.

म्हणून कायद्याची धमकी वगैरे देत बसत नाही, ते वकील पाहतील. मी पैशाचं बोलतो. तपासणी हे काम आहे, त्याचा रेट ठरवा. मागं एकानं मला अख्खं ॲप तपासून घेतलं अन् बदल्यात अनुभव प्रमाणपत्र पाठवलं, ते पण पीडीएफ, ते पण स्कॅन केलेलं. माझ्या ओळखीत यवतमाळ, वाशीम, अमरावती भागात एनव्हीडीए अन् टॉकबॅक सराईत चालवणारे पोट्टे-पोट्टी आहेत, शिकलेले, बऱ्याच जणांना काम नाही. एका जिल्ह्याच्या साईटींना वर्षभर पुरेल एवढे तपासणारे इथल्या इथं सापडतात. साईटच्या खर्चाच्या मानानं त्यांचा खर्च चिल्लर आहे. अन् एकदाच तपासून पुरत नाही हेही सांगतो, दर अपडेटला काहीतरी मोडते, चालत असलेलं ॲप रात्रीतून नवीन डिझाईन घेऊन येते अन् सकाळी सगळ्या बटना परत मुक्या. तेव्हा देखभालीच्या करारातही हे टाका.

टेंडरच्या कागदात टाकायला ओळी मीच लिहून देतो, तुमच्या बाबूंना त्रास नको. "संकेतस्थळ व ॲप किमान दोन अंध वापरकर्त्यांकडून, एनव्हीडीए व टॉकबॅक वापरून, मराठी भाषेत, लॉगिनपासून पावतीपर्यंत तपासून घेण्यात येईल. तपासणाऱ्यांना ठरलेला मोबदला देण्यात येईल. त्यांनी नोंदवलेल्या अडचणी दूर करून फेरतपासणी झाल्याशिवाय अंतिम देयक अदा करण्यात येणार नाही. प्रत्येक मोठ्या बदलानंतर हीच तपासणी पुन्हा करण्यात येईल." शब्द इकडचे तिकडे केले तरी चालतील, देयकाची ओळ तेवढी काढू नका, बाकी सगळं त्याच ओळीच्या जोरावर होते.

अन् ते टेंडर निघालं की साईटवर टाकताना टाईप केलेलंच टाका, युनिकोडमधे. सही-शिक्क्याची स्कॅन कॉपी पाहिजेच असली तर ती सोबत जोडा. आमच्यातल्या दोघातिघांचा भरायचा विचार आहे.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक शेतकरी